शहात्तराव्या दिवसाची भगर

"रांधून झालं की आधी दाराभाईर बघावं, मग ताटात बघावं," असं कुशाबाई लोंढ्यांच्या सासूबाई अक्काबाई सांगून गेल्या. सांगून गेल्या म्हणजे खरोखरच गेल्या, पंधरा दिवसांनी. सासूचं शेवटचं सांगणं सून साधारणपणे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत पाळते आणि मग घर आपलं झालं म्हणून कामाला लागते. कुशाबाईंनी मात्र त्याचा नेम करून टाकला. दर वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने, रोज स्वतःच्या हातानं रांधायचं, घराबाहेरच्या एका माणसाला जेवू घालायचं, मग आपण जेवायचं, आणि हे सगळं दुपारी बाराच्या आत. बारानंतर फक्त पाणी.

माळेगाव बुद्रुकला हे काही अवघड नव्हतं. कारखान्याच्या गावात सकाळी अकराच्या सुमाराला भुकेला माणूस शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो.

शहाण्णव सालच्या वर्षावासात चौऱ्याहत्तर दिवस बिनचूक पार पडले आणि मुलाला दया आली. मुलाला दया आली की आईबापांनी सावध व्हावं. बुद्धघोष पुण्याला नोकरीला होता. त्याच्या ऑफिसातल्या कर्मचारी सोसायटीनं डाळजजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, एक विश्रांतीगृह बांधलं होतं. त्यानं पाच दिवसांची पावतीच आणून आईच्या हातात ठेवली. "आई, नुसती पाण्याकडं बघत बस. पक्षी येतात तिथं."

पक्षी थंडीत येतात, हे पावतीवर छापलेलं नव्हतं. पावतीवर 'एक खोली, दोन खाटा, एक किचनेट' एवढंच होतं.

"किचनेट म्हंजे काय वं?" कुशाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज जन्माचाच हळू. विहारात त्या वंदना सांगायला उभ्या राहिल्या की मागच्या बायका पुढच्या बायकांचे ओठ बघून म्हणत.

"सैपाकाची सोय," त्यांचे यजमान सोपानराव म्हणाले. त्यांनी एकतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली होती. एका मिनिटाच्या उशिरासाठी त्यांनी सख्ख्या साडूचा अर्धा दिवस कापला होता, आणि ही गोष्ट ते साडूच्याच घरी जेवताना सांगत.

सैपाकाची सोय आहे म्हटल्यावर शेजारच्या दगडाबाईंना राहवेना. त्या स्वतः भिगवणच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या, त्यामुळं त्यांचा सल्ला सगळ्या प्रवासाला लागू पडे. "इजंच्या शेगडीवर भाकरी फुगत न्हाय, रुसती. बिडाचा तवा न्या. परात न्या. तितली परात कुणी कशाला वापरली आसंल, कुणाला ठावं! आन् पाटा न्हाई तर न्हाई, वरवंटा तरी न्या." वरवंटा पाट्याशिवाय कशाला, हे विचारायचं कुशाबाईंच्या जिवावर आलं. तो पिशवीत गेला. पंचाहत्तराव्या दिवशी सकाळी घरीच रांधून, एका ऊसतोड्याला जेवू घालून, दोघं निघाली तेव्हा कपड्यांची एक पिशवी होती आणि भांड्यांच्या तीन. बारामतीच्या स्टँडवर कंडक्टरनं तव्याकडं बघितलं. "मावशी, हाटेल काढताय व्हय?"

कुशाबाईंनी तवा सीटखाली सरकवला आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. त्या दिवशी घरोघर घट बसले होते. नवरात्र आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण लोंढ्यांच्या घरातले घट चाळीस वर्षांपूर्वी उठले ते उठले. पौर्णिमा आणि अष्टमी मोजायची सवय लागलेली. दुसऱ्याच्या घरी घट बसले तर त्याचा आपल्या पातेल्याशी काही संबंध येईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

विश्रांतीगृहाची राखण आबाजींकडं होती. आजोबांपर्यंत घराण्यानं मेंढरं राखली, आबाजी खोल्या राखत. पिकल्या मिशा, पाय अनवाणी, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. सोपानरावांनी "जयभीम" घातला, आबाजींनी "रामराम" घातला, आणि वही पुढं केली. मागच्या बाजूला दोन खणांचं घर होतं. तिथं आबाजींची बायको राहायची. तिचं नाव नकोशी, पण तिच्यावाचून त्या आवारातलं पान हलत नसे.

किचनेट म्हणजे भिंतीतलं कपाट निघालं. दार उघडलं की आत हातभर ओटा, त्यावर विजेची शेगडी, वर एक नळ आणि त्याखाली वाडग्याएवढी मोरी. परात ठेवली तर तांब्या खाली ठेवावा लागे, तांब्या ठेवला तर परात खाटेवर. कपाटाच्या दारावर नियमांचा कागद चिकटवलेला होता. सोपानरावांनी चष्मा लावून तो मोठ्यांदा वाचला. नियम वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती येई ती कुशाबाईंना ध्यानातही साधली नव्हती.

"नियम सात. खोलीत फोडणी देऊ नये. भिंती काळ्या होतात. नियम नऊ. खोलीत बाहेरील इसमास भोजन देऊ नये. दिल्यास अनामत जप्त करण्यात येईल." त्यांनी चष्मा काढला. "आता तुझं कसं?"

"खोलीत देऊ नये म्हणलंय," कुशाबाई म्हणाल्या. "ओट्यावर देऊ. भाईरच्या."

शहात्तरावा दिवस पहाटे पाचला उजाडला. त्रिसरण-पंचशील झालं. सहाला कुशाबाईंनी शेगडी लावली. सहा वाजून दोन मिनिटांनी फ्यूज उडाला. आबाजी तार घेऊन आले आणि त्यांनी समजावलं की शेगडी लावायची तर पंखा बंद ठेवायचा, दिवा बंद ठेवायचा, आणि दोन नंबरच्या खोलीतले पुण्याचे गृहस्थ आंघोळीचं पाणी तापवत नाहीत ना, ते आधी विचारून यायचं. ते तापवत होते. साडेसातपर्यंत तापवत होते. एवढ्या पाण्यात माणूस नव्हे, म्हैस धुऊन निघाली असती.

मग वरण झालं. भात झाला. दोडका नुसताच शिजवला, कारण नियम सात. भाकरी मात्र दगडाबाई म्हणाल्या तशी रुसली. शेगडीची तार मध्येच लाल, कडेला काळी. भाकरी मध्ये करपे आणि कडेला पीठच राही. पहिल्या भाकरीला पंचवीस मिनिटं लागली. सोपानरावांनी ती वेळ घड्याळ लावून मोजली आणि बायकोला सांगितली. ती सांगायची काही गरज नव्हती.

साडेनऊला ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून, पदर सावरून कुशाबाई ओट्यावर आल्या. आबाजी झाडाची पानं लोटत होते.

"आबाजी, चार घास खाऊन घ्या. माझा नेम हाय."

आबाजींनी खराटा थांबवला. ताटाकडं न बघता म्हणाले, "उपास हाय, ताई."

आता, 'उपास हाय' हे कुशाबाईंनी जन्मात पुष्कळदा ऐकलं होतं. 'आत्ताच जेवलो', 'पोट गच्च हाय', 'दाढ ठणकती' हेही ऐकलं होतं. कारण बदलतं, ताट तसंच परत येतं. लहानपणी आईच्या हातचं ताट असं परत येताना त्यांनी उंबऱ्यात बसून पाहिलं होतं. वाण्याला खोटं नाणं जसं वाजवून कळतं, तसा कुशाबाईंना नकार कळे. पण हा नकार काही नीट वाजेना. खोटाही वाटेना, खराही वाटेना. वहीत 'लोंढे' लिहिलेलं होतं. जयभीम तर मोठ्यानंच घातलेला होता.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ताट घेऊन फाटकाबाहेर पडल्या. मागं पाण्याचा तांब्या घेऊन सोपानराव.

काठावर गेणू नावाचा मासेमार जाळं वाळवत होता. "नऊ दिस मासं धरतो, मावशी, पर तोंडात काय घालत न्हाय. घट बसल्यात." रस्त्यावर पंक्चरच्या दुकानात शंभूराज नावाचा धिप्पाड माणूस ट्रकचं चाक एकट्यानं उचलत होता. त्यानं ताट बघून आवंढा गिळला. "मावशी, कालपासनं दोन केळी खाल्ल्यात. ते झाकण झाका, हात जोडतो." त्याच्या शेजारचा किराणावाला उपाशी, किराणावाल्याचा तराजू पुसणारा म्हातारा उपाशी. कुशाबाईंना वाटलं, अख्ख्या डाळजमध्ये आज एकच भरलेलं ताट आहे आणि ते माझ्या हातात अवघडून गेलंय.

परत येताना दोन नंबरचे पुण्याचे गृहस्थ दुर्बीण घेऊन बसलेले दिसले. त्यांचा उपास नव्हता. तोंडात बिस्किट होतं. कुशाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"कितीला?" गृहस्थांनी विचारलं.

"पैसं न्हाईत. माझा नेम हाय."

"फुकट?" गृहस्थांनी दुर्बीण खाली ठेवली आणि एवढ्या जवळचं काही कधी बघितलं नसावं तशा नजरेनं ताटाकडं पाहिलं. "नको, नको. आमचं पोट जरा नाजूक आहे."

ओट्यावर येऊन कुशाबाई मटकन बसल्या. साडेदहा झाले होते. सोपानरावांना बायकोचा चेहरा बघवेना. ते उठून फाटकाबाहेर गेले, टोपी काढून खिशात घातली, आणि परत आत येत म्हणाले, "माई, लांबनं आलोय. भाकरी वाढता का?"

"तेहतीस वर्षं माझ्या घरात खाल्लंय तुमी," कुशाबाई म्हणाल्या. "आता भाईरचं कुठनं झाला?"

"मग एक दिवस नेम मोडला तर काय बिघडतं? नियमालाबी सवलत आसती."

टाइम ऑफिसातल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आलं म्हणजे प्रकरण किती बिघडलं होतं ते कळावं. पण कुशाबाईंना आता नेमापेक्षा दुसरीच गोष्ट सलत होती. आबाजींचं 'उपास हाय' खरं की जुनं? ते कळल्याशिवाय चार दिवस त्या पाण्याकडं त्यांना बघवलं नसतं.

"किराणावाल्याकडं जावा," त्या उठल्या. "आर्धा किलो भगर आणा. दाणं आणा, जिरं आणा."

सोपानराव उभेच राहिले. "आगं, आपुन उपासतापास सोडलं. आन् आता दुसऱ्याचं उपास शिजवनार तू? विहारात कळलं तर?"

"मला देवीला जेवू घालायचं न्हाय. आबाजींना घालायचंय. त्यांच्या उपासाला भगर चालती, माझ्या नेमाला आबाजी चालत्यात. जावा, पावनेअकरा झालं."

सोपानराव गेले. त्या भरलेल्या ताटाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकावं: ते, आणि पातेल्यातलं उरलेलं, दिवसभरात एकट्या सोपानरावांनी संपवलं. कर्तव्य म्हणून.

कुशाबाई मागच्या घरी गेल्या. नकोशीबाई अंगणात दाणे निवडत होत्या. "जरा उपासाचं भांडं द्याल का? आमच्या भांड्यांला कांदा-लसूण लागल्याला आसतो."

नकोशीबाईंचा हात सुपात थांबला. "तुमी रांधनार? आमच्यासाटनं?"

"व्हय. खानार आसला तर."

त्यांनी आतून एक पितळी पातेलं आणून दिलं आणि एका दमात सांगितलं, "हळद न्हाय. म्होरी न्हाय. जिरं चालतंय. मीठ साधं नगं, सैंधव लागतं, ते मी आनून देते."

अकरा वाजून दहा मिनिटांनी भगर शेगडीवर चढली. वरवंट्याचाही उपयोग झाला: कुशाबाईंनी परातीत दाणे घेऊन त्यानं चेचले, आणि मनातल्या मनात दगडाबाईंची क्षमा मागितली. पाण्याला आधण आलं, भगर फुगू लागली, आणि अकरा वाजून एकोणतीस मिनिटांनी लाईट गेली.

कुशाबाईंनी आधी सोपानरावांकडं बघितलं. "मी न्हाय काय केलं," सोपानराव म्हणाले. फ्यूज नव्हताच उडालेला. अख्ख्या डाळजची लाईट गेली होती. शेगडीची तार लालची तांबूस झाली, तांबूसची राखी झाली. भगर अर्धी कच्ची, आमटी तर अजून शेगडीवर चढायचीच होती.

त्यांनी पातेलं फडक्यात धरलं, चेचलेले दाणे नवऱ्याच्या हातात दिले आणि मागच्या घराशी आल्या. आल्या, पण उंबऱ्याशी थबकल्या. समोरच्या कोनाड्याखाली घट मांडलेला होता. मातीत पेरलेलं धान्य अजून वर आलेलं नव्हतं. समई तेवत होती. तिच्या पलीकडं चूल, आणि चुलीत जाळ. असा उंबरा त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या अलीकडं उभं राहायची सवय पायांनाच होती.

नकोशीबाईंनी मान वर केली. "उंबऱ्यावर काय हुबा ऱ्हायला? जाळ वाया चाललाय."

"घट बसल्यात तुमचं."

"बसल्यात की. त्यास्नी काय कुठं उठून जायाचंय? या आत. आन् तुमच्याच हातानं ढवळा, मी हात लावनार न्हाय. तुमचा नेम हाय नव्हं?"

कुशाबाई आत गेल्या. भगरीला जाळ लागला. चुलीच्या बाजूच्या वैलावर आमटी ठेवली. तुपात जिरं टाकलं, आणि त्या तडतडण्याला कुठलाच नियम सात आडवा आला नाही. बाहेर सोपानराव मनगट डोळ्यांसमोर धरून कारखान्यातल्यासारखे पुकारत होते. "अकरा चव्वेचाळीस! अकरा सत्तेचाळीस! कुशे, पन्नास!"

"वरडू नगासा, दूध नासंल," नकोशीबाई आतून म्हणाल्या.

अकरा बावन्नला आबाजी हातपाय धुऊन अंगणात बसले. कुशाबाईंनी ताट पुढं ठेवलं. भगरीचा ढीग, मध्ये खड्डा, खड्ड्यात आमटी. आबाजींनी ताटाला हात जोडले, पहिला घास घेतला, क्षणभर थांबले, आणि मग खालमानेनं जेवू लागले. भराभर. आबाजींनी ताट निपटलं, पुन्हा पुढं केलं. "वाढा थोडी."

अकरा छपन्न. कुशाबाईंनी स्वतःला वाढून घेतलं आणि घास तोंडात घातला.

मीठ नव्हतं. भगरीत नव्हतं, आमटीत नव्हतं. कणभरसुद्धा नव्हतं. सैंधव नकोशीबाई आणून देणार होत्या, ते लाईटच्या गोंधळात राहूनच गेलं होतं.

"आबाजी, मीठ न्हाय की वं!"

"हाय की," आबाजी दुसरं ताट संपवत म्हणाले. "कमीजास्त हुतंच."

नकोशीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण तो हसू दाबायला पुरला नाही. सोपानरावांनी "अठ्ठावन्न" पुकारलं. कुशाबाईंनी अळणी भगरीचे आणखी तीन घास खाल्ले, आणि बाराला ताट बाजूला सारलं. आयुष्यात इतकं बेचव त्यांनी रांधलं नव्हतं, आणि इतकं पोट कधी भरलं नव्हतं.

थोड्या वेळानं, नकोशीबाई भांडी घेऊन गेल्यावर, त्या हळूच म्हणाल्या, "आबाजी, एक इचारू? सकाळी मला वाटलं..."

आबाजी किल्ल्यांचा जुडगा चाळत बसले होते.

"तुमास्नी काय वाटलं ते मला तवाच कळलं, ताई. तुमचं तोंड उतरलं. पर आनवानी पाय दावून उपास खरा हाय म्हनून सांगत बसावं, ह्ये मला बरं वाटंना." मग किल्ल्या बाजूला ठेवून म्हणाले, "माझ्या बापानं आसलं ताट कवा घेतलं नसतं. उपास नसता तरीबी. ते खोटं कशाला बोलू?"

कुशाबाईंनी मान हलवली. खरं बोलणं वाजवून बघावं लागत नाही.

"नऊ दिस गोडाअळणी खाऊन जिभंचं लाकूड हुतंय," आबाजी म्हणाले. "दसऱ्याला घट उठलं, निवद झाला, की मला ज्वारीची भाकरी आन् लसनाचा ठेचा लागतो. ही म्हनती, सणाला पुरनपोळी सोडून ठेचा काय मागता!"

"दसऱ्याला आमी माळेगावला आसनार," कुशाबाई म्हणाल्या. "पर भाकरी मी आनीन. तुमच्या उपासाची पयली भाकरी माझ्या हातची."

"यवड्या लांबनं?" आबाजी हसले. "ऱ्हाऊ द्या, ताई. म्हनलं तेच पोचलं."

पुढचे दिवस तसे सरळ गेले. आबाजी रोज अकराला हातपाय धुऊन येत. कुशाबाई भगर रांधीत, सैंधव आधी पुढ्यात घेऊन बसत. लाईट आणखी दोनदा गेली, पण आता चूल ठाऊक झाली होती. पक्षी एकच दिसला, तोही बगळा. पाचव्या दिवशी सोपानरावांनी वहीत सही केली, नियमांच्या कागदाकडं एकदा प्रेमानं बघितलं, आणि तीन पिशव्या भांडी घेऊन दोघं घरी आली.

दसरा सोमवारी आला. दसरा म्हणजे लोंढ्यांकडंही मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा. संध्याकाळी विहारात वंदना होती आणि ती कुशाबाईंनीच सांगायची होती. सोपानरावांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "उद्या सकाळी काय कामं काढू नगं. घसा सांभाळ."

पहाटे चारला कुशाबाई उठल्या. घरातल्या तव्यावर भाकऱ्या टम्म फुगल्या. ठेच्याला मीठ घातलं, बोटावर घेऊन चाखलं, डब्यात भरलं. पाच भाकऱ्या स्वच्छ फडक्यात बांधल्या. पांढरं पातळ नेसल्या. सोपानराव भिंतीकडं तोंड करून झोपले होते. त्यांना उठवलं असतं तर त्यांनी आधी गाडीची वेळ, मग परतीची वेळ, मग उशीर झाला तर काय, हे सगळं विचारलं असतं.

त्यांनी कडी हळूच काढली, चपला हातात घेऊन अंगण ओलांडलं, आणि फाटकाबाहेर जाऊन पायात घातल्या. डाळजच्या वाटेवरच्या भिगवणची पहिली गाडी बारामतीहून साडेसहाला सुटायची. डबा छातीशी धरून त्या चालू लागल्या.